नटावरची पिवळी रेघ

शनिवार, ४ नोव्हेंबर

काल नर्मीनचा कुवेतहून फोन आला. म्हणाली, "बाबा, तुम्ही एकच गोष्ट मला दर वेळी नव्याने सांगता. रोज थोडं लिहून काढत जा, मोकळं वाटेल." म्हणून ही वही. पहिल्या दिवशी काय लिहायचं हा प्रश्न होता, तो हाजी शौकीने सोडवला.

हाजी शौकी आमचा चाचणी ड्रायव्हर. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक मिनीबस तो इस्माइलियाच्या रस्त्यावर फिरवून आणतो. आज तो चालत परत आला. टोपी बगलेत, चेहरा शांत.

"बाशमुहंदिस," कारखान्यात इंजिनिअरला म्हणतात तसं तो मला म्हणाला, "एक चाक मला डावीकडून ओव्हरटेक करून गेलं. मी म्हटलं, कुणाचं बुवा हे? एवढी कसली घाई? मग गाडी मागून बसली तेव्हा कळलं, आपलंच."

चाक पुढे जाऊन एका पेरूवाल्याच्या गाडीला टेकून उभं राहिलं. ते आमचंच आहे याची खात्री पटेपर्यंत पेरूवाल्याने ते दिलं नाही. कुणाला काही लागलं नाही, अल्लाची कृपा. पण या गाड्या शाळांना जातात. हाजी शौकीच्या जागी दुसरा ड्रायव्हर आणि मागे पोरं, असं चित्र दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

गुणवत्ता विभाग माझ्याकडे, तेव्हा दुपारी कारखान्याचे व्यवस्थापक हातिम बे यांनी मलाच बोलावलं. त्यांचं बोलणं नेहमीच थोडक्यात असतं. "रिफअत, महिनाअखेरपर्यंत मला कारण द्या. कारण सापडलं नाही तर नाव द्या."

सोमवार, ६ नोव्हेंबर

चाक मागचं डावं होतं. ती जागा आमच्या जुन्या कारागिराची, उस्ता बहगतची.

काम तसं साधं आहे. चाकाला सहा नट. आधी सगळे हाताने फिरवून बसवायचे, मग टॉर्क पान्याने एकेक आवळायचा. पुरेसा आवळला की पाना टक् करतो. टक् झालं की त्या नटावर मार्करने पिवळी रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे नट पक्का. याहून सोपं काम मला तरी माहीत नाही, आणि बहगत ते वर्षानुवर्षं करतो आहे.

आज मी मुद्दाम लाइनवर बारकाईने नजर ठेवली. माझी रोजची फेरी नऊला सुरू होते. इतर विभागांचे प्रमुख काचेच्या खोलीत बसून पडद्यावर माणसं बघतात. मला ते जमत नाही. मी प्रत्येकापाशी थांबतो, हात मिळवतो. हात तेलाचा असला की माणूस मनगट पुढे करतो, मग मी मनगट दाबतो. बायको कशी आहे, मुलं कशी आहेत, आईच्या गुडघ्याचं काय झालं, सगळं विचारतो. एकदाच "कसा आहेस" विचारून पुढे सरकणं याला आमच्याकडे विचारपूस म्हणत नाहीत. तीन-चारदा विचारल्याशिवाय आपण बरे आहोत की नाही हे माणसाला स्वतःलाही ठरवता येत नाही.

बहगतपाशी मी जरा जास्त थांबतो. गेल्या वर्षी माझी बायको सुहैर गेली तेव्हा तिच्या जनाज्याला त्याने खांदा दिला आणि शोकमंडपात तिन्ही दिवस बिनसाखरेची कॉफी वाटत उभा राहिला. माणूस अबोल आहे, पण ऐकतो छान. आज नर्मीनच्या धाकट्याला दात आल्याचं त्याला सांगितलं. त्याने पाना खाली ठेवून मनगट पुढे केलं आणि मबरूक म्हणून अभिनंदन केलं.

त्याच्या शेजारी पुढच्या चाकावर सोभी असतो. पोरगेला दिसतो, पण दोन मुलींचा बाप आहे. मी बहगतशी बोलत होतो तेव्हा तो हळूच मागून आला, बहगतच्या खिशातला मार्कर काढून घेतला आणि म्हणाला, "उस्ता, तुम्ही बोला निवांत. रेघा मी ओढतो." कुणाच्या हातात ओझं दिसलं की ते आपण घ्यायचं, हे संस्कार शिकवून येत नाहीत. अशी माणसं माझ्या लाइनवर आहेत याचा मला अभिमान वाटतो.

मग चुकतंय कुठे? नमाज, चहा, मोबाइल आणि दिव्यांचा उजेड, या चौघांवर माझा संशय आहे.

बुधवार, ८ नोव्हेंबर

आवारात उभ्या असलेल्या सगळ्या मिनीबसची चाकं हाजी शौकीला घेऊन पुन्हा तपासली. काही गाड्यांच्या मागच्या डाव्या चाकावर एखाददुसरा नट सैल निघाला. बोटांनी फिरत होता. ते एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण त्या नटांवर पिवळी रेघ होती.

विसरलेला नट वेगळा आणि रेघ ओढलेला सैल नट वेगळा. पहिली चूक झाली, दुसरं खोटं बोलणं झालं.

बहगतला बाजूला घेतलं. विचारलं, "हे कसं झालं?"

त्याने तो नट बोटांनी फिरवून बघितला. मग म्हणाला, "माझं चाक आहे, बाशमुहंदिस. माझीच चूक."

"चूक कशी, उस्ता? रेघ आहे त्यावर. न आवळता रेघ ओढलीत?"

"माझं चाक आहे," तो पुन्हा म्हणाला.

शेजारी सोभीच्या हातातून मार्कर पडला आणि गाडीखाली गेला. तो बराच वेळ वाकून शोधत होता.

हातिम बे यांना कळवणं भाग होतं. ते म्हणाले, "चूक मी माफ करतो, खोटी रेघ नाही. महिनाअखेर सही करून द्या, त्याला गेटवर पाठवू." गेटवर म्हणजे दांडा वर-खाली करायला. आजवर तिथे पाठवलेला एकही कारागीर महिन्याच्या वर टिकलेला नाही. त्यांना कुणी काढत नाही, ते स्वतःच जातात.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

सुट्टी. जुम्म्याचा नमाज झाला. येताना भाजीवाल्याशी बोललो, पण तो फोनवर होता. मुलुखियाची पातळ पालेभाजी केली, बेचव झाली. आज याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

नवा पाना आला. प्रत्येक टक् तो स्वतः मोजतो, सहा झाले की हिरवा दिवा लागतो आणि मगच गाडी पुढे सरकते. आता विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही. हा पाना मीच मागवला असल्यामुळे सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सोभीने पान्याला निळा मणी बांधला, नजर लागू नये म्हणून. मी बहगतला म्हटलं, "उस्ता, आता तुमच्यावर आळ यायचा नाही. मशीन साक्षीला आहे."

"अल्ला तुमचं भलं करो," तो म्हणाला. मी आनंदात होतो, त्यामुळे तिथे जरा जास्तच रेंगाळलो.

बुधवार, १५ नोव्हेंबर

पुन्हा सैल नट. रेघ पिवळी, दिवा हिरवा, नट सैल. पान्याच्या आत आकडा बघितला, बरोबर सहा. पाना बनवणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, पाना खोटं बोलत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे कुणीच खोटं बोलत नाही, तरी नट सैल आहे.

एक गोष्ट मात्र सापडली. पान्यात वेळेचीही नोंद राहते. दुपारी एकही चूक नाही, चहाच्या वेळी नाही, नमाजानंतरही नाही. सगळ्या चुका सकाळच्या, नऊच्या पुढे. माझ्या फेरीच्याच वेळेला. म्हणजे मी तिथे हजर असताना माझ्या डोळ्यांदेखत घडतंय आणि मला दिसत नाही. या विचाराने आज जेवणावर लक्ष लागलं नाही.

सकाळी नऊच्या आधी काय होतं? न्याहारी होते. वालाचं मेदम्मेस, वर तेल, वर कांदा, सोबत तीन-तीन रोट्या. एवढं खाऊन सुलतानालाही झोप येईल. उत्तर समोर होतं आणि मी दिवे बदलत बसलो होतो.

शनिवार, १८ नोव्हेंबर

सकाळच्या न्याहारीला वाल बंद, अशी सूचना लावली. लाइनवर शोककळा पसरली. सोभी म्हणाला, "बाशमुहंदिस, फिरऔनाच्या काळापासून लोक वाल खाऊन इमारती बांधतायत. एक दगड सैल नाही." मी त्याला सांगितलं की त्या इमारतींना चाकं नव्हती.

आज सगळ्यांनी वालाऐवजी तामियाचे वडे आणले. तामिया त्याच वालांची करतात हे माझ्या लक्षात दुपारी आलं. सूचना बदलावी लागेल.

घसा दुखतो आहे.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

ताप. रविवारपासून घरी आहे. घर एवढं शांत असतं हे कामाच्या दिवशी समजत नाही. फ्रिज मधूनच सुरू होतो तेव्हा बरं वाटतं.

संध्याकाळी लाइनवरची माणसं बघायला आली. कुणी साखर, कुणी संत्री, कुणी ज्यूस. हाजी शौकीने एक कोंबडी आणली, जिवंत. ती सध्या न्हाणीघरात आहे. सोभीच्या बायकोने मसूराचं सूप पाठवलं होतं, ते गरम करून त्यांनी मला बळेबळे प्यायला लावलं. तेवढ्यात बहगत स्वयंपाकघरात जाऊन तीन दिवसांची भांडी घासून आला. मी नको म्हणत होतो, पण त्याने ऐकलं नाही.

मी लाइनचं विचारलं. हाजी शौकी म्हणाला, "रविवारपासून एक नट सैल नाही. रोज शोधतोय."

"वाल," मी म्हटलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सोभीने घसा साफ केला. "बाशमुहंदिस, एक सांगायचं होतं. रागावू नका. ते सकाळी तुम्ही जेव्हा—" आणि एकदम "आई गं!" म्हणून त्याने पाय वर घेतला. शेजारी बहगत बसला होता. टेबलाचा पाय लागला असावा.

"सोभीला म्हणायचंय," बहगत म्हणाला, "लवकर बरे व्हा. तुमच्याशिवाय करमत नाही."

ते गेल्यावर मी जरा रडलो. तापाने होतं तसं.

शनिवार, २५ नोव्हेंबर

आज कामावर रुजू झालो. एका आठवड्यात एवढं प्रेम साठलं असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येकाने काम थांबवून गळाभेट घेतली. बहगतला म्हटलं, "उस्ता, त्या भांड्यांचं ऋण राहिलं." तो हसला. तो हसताना फार कमी दिसतो, म्हणून मी थांबलो, आणि तापात पडलेलं सुहैरचं स्वप्न त्याला सविस्तर सांगितलं. स्वप्नात ती मला ओरडत होती, सूप सांडलं म्हणून. बहगतचे डोळे भरून आले. सोभीने मागे गुपचूप त्याचं काम सांभाळलं.

आजच्या गाड्यांत दोन नट सैल.

आठवडाभर एक नाही, आणि मी आलो त्या दिवशी दोन. वालाचा सिद्धान्त गेला. लोक आजही उपाशीच होते, त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

हातिम बे यांनी कागद तयारच ठेवला होता. "गुरुवारी सही हवी. तुम्ही घरी असताना तो नीट काम करतो आणि तुम्ही आलात की मुद्दाम चुका करतो. तुमच्यावर डूख आहे त्याचा."

मी म्हटलं, "डूख असलेला माणूस भांडी घासत नाही."

ते म्हणाले, "हे कागदावर लिहिता येत नाही."

माझ्या सहीने बहगत गेटवर जाणार. ज्याच्या खांद्यावर माझी बायको घरातून गेली, त्याला मी दांडा उचलायला बसवणार. आणि तो तोंड उघडायला तयार नाही.

एकच मार्ग उरला आहे. दिवसभर ती जागा मी स्वतः सांभाळायची. हे काम न चुकता करता येतं, एवढं तरी सिद्ध होईल. मग बहगतला खरं बोलावंच लागेल.

सोमवार, २७ नोव्हेंबर

बहगतला बाजूच्या खोक्यावर बसवलं आणि पाना हातात घेतला. दोन गाड्या झकास गेल्या. सहा नट, सहा टक्, सहा रेघा. मी बहगतकडे बघितलं. तो माझ्या हातांकडे बघत होता, मूल पहिल्यांदा सायकल चालवताना बाप बघतो तसा.

मग नऊ वाजले. मला वाटलं होतं, आज मी फेरीला निघालो नाही म्हणजे फेरी होणार नाही. पण बाशमुहंदिस स्वतः चाकं बसवतोय ही बातमी पसरली आणि फेरी माझ्याकडे चालत आली. आधी वायरिंगचे लोक. मग हिशेबाच्या मॅडम इन्साफ, घरच्या बिस्किटांचा डबा घेऊन. मग हाजी शौकी, कोंबडीची चौकशी करायला. प्रत्येक जण तब्येत विचारत होता, नर्मीनचं विचारत होता, पुन्हा तब्येत विचारत होता. उत्तर न देऊन कसं चालेल? शेवटी खुद्द हातिम बे खाली उतरले आणि त्यांनी हात पुढे केला.

माझा हात तेलाने माखला होता. मी पाना खाली ठेवला आणि मनगट पुढे केलं.

हातिम बे नर्मीनच्या नवऱ्याच्या नोकरीचं विचारत होते. ते गेल्यावर मी चाकाकडे वळलो. कुठला नट चालू होता? हा की वरचा? रेघा तर सगळ्यांवर होत्या. मी एक नट आवळला, टक् झालं, दिवा हिरवा झाला, गाडी पुढे गेली.

दुपारी हाजी शौकीने माझ्या गाड्या तपासल्या. दोन नट सैल. रेघ पिवळी.

मी ओरडलोच, "पण ही रेघ मी ओढलीच नाही!"

शेवटी सोभी म्हणाला, "मी ओढली. तुम्ही साहेबांशी बोलत होता ना. म्हटलं, तेवढंच तुमचं काम हलकं. मला वाटलं, ते नट आवळून झालेत."

"आणि बहगतच्या?"

तो खाली बघायला लागला. "त्यांच्यावरही. तुम्ही त्यांच्याशी बोलत असायचा तेव्हा. उस्ता म्हणाले, गप्प बस, तुला दोन मुली आहेत."

पान्याचंही समजलं. तो टक् मोजतो, कुठल्या नटावर झालं ते त्याला काय माहीत? गोंधळून मी आवळलेलाच नट पुन्हा आवळला, त्याचे सहा भरले. बहगतही तेच करत असणार.

नऊनंतर. मागचं डावं चाक. मी आजारी असताना एकही नाही. सगळं मीच या वहीत लिहिलं आहे आणि मलाच वाचता आलं नाही. महिनाभर मी नमाजाला, उजेडाला आणि वालाला दोष देत हिंडलो. चाक सुटलं त्या गाडीवरही रेघ असेलच, आणि त्या सकाळी बहगतला मी काय सांगत होतो तेही आता आठवत नाही. काहीतरी सुहैरचंच असेल. लाज वाटते.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

उपाय सरळ होता. आज फेरी मारली, पण कुणाशी बोललो नाही. मान खाली, हात खिशात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. कुणाचंही काम मोडलं नाही.

मी लाइनच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सगळी लाइन थांबली होती. पहिल्याने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि बातमी पुढे जाता जाता मोठी झाली. एका टोकाला नर्मीनला अपघात झाला होता, दुसऱ्या टोकाला बहगतच्या कागदावर सही झाली होती. मॅडम इन्साफ डोळे पुसत आल्या. हाजी शौकीने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "धीर धरा. कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग तोंड असं का?"

संध्याकाळी मोजणी झाली. आज डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या, सगळ्या चाकांवर सैल नट. या कारखान्यातला आजवरचा सर्वांत वाईट दिवस.

बुधवार, २९ नोव्हेंबर

सकाळीच हातिम बे यांच्याकडे गेलो. त्यांनी बहगतचा कागद पुढे सरकवला. मी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. तुम्ही कारण किंवा नाव मागितलं होतं, दोन्ही एकच आहे: रिफअत.

त्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे तुम्ही लोकांना नमस्कार-चमत्कार करता म्हणून चाकं निघतात?"

"हो."

"हे मी मालकांना सांगू?"

"परवा मी पाना धरला होता तेव्हा तुम्हीही हात पुढे केलात. एक नट तुमच्या नावावर आहे."

मग अहवालात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: कामाच्या जागी वारंवार येणारा व्यत्यय. कुणाचा, ते लिहिलं नाही. बहगतचा कागद त्यांनी फाडला. मी तुकडेसुद्धा मागून घेतले.

नियम तीनच ठरले. हातात पाना असलेल्या माणसाशी कुणीही, अगदी मालकानेही, बोलायचं नाही. जो आवळेल त्यानेच रेघ ओढायची, दुसऱ्याने मदत करायची नाही. आणि मध्येच थांबावं लागलंच, तर सहाही नट सोडून पुन्हा पहिल्यापासून. सोभीला दुसरा नियम फार कठोर वाटला. "म्हणजे माणूस दमलेला दिसला तरी बघत बसायचं?" मी म्हटलं, त्याला पाणी दे. न्याहारीला वाल परत आले. त्या घोषणेला टाळ्या पडल्या, बाकी नियमांना नाही.

सुट्टी झाल्यावर बहगत हात धूत होता, तिथे गेलो.

"का नाही बोललात, उस्ता? तुम्हाला गेटवर पाठवणार होते. माझ्याच सहीने."

"काय बोलणार होतो?" तो म्हणाला. "येऊ नका म्हणून सांगू?"

"सांगायचं होतं."

त्याने नळ बंद केला. "बाशमुहंदिस, मॅडम सुहैर गेल्यापासून तुम्ही आणखी कुणाशी बोलता का? सकाळी तुम्ही यायचा. बोलून झालं की तुमचा चेहरा जरा बरा दिसायचा. आता त्या माणसाला, बाबा रे, पुढे हो, माझा नट राहिलाय, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?"

मी म्हटलं, "शाळेच्या गाड्या आहेत, उस्ता."

"ते मला चाक सुटल्यापासून रोज खातंय," तो म्हणाला. "रोज घरी जाताना ठरवायचो, उद्या सांगायचं. आणि सकाळी तुम्ही तो नातवाचा फोटो घेऊन यायचा."

शनिवार, २ डिसेंबर

आज भोंग्याच्या बऱ्याच आधी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. सोबत मॅडम इन्साफची बिस्किटं होती. बसमधून उतरेल त्याला गाठायचं, काय विचारायचं ते तिथेच विचारायचं. आत गेल्यावर तोंड बंद.

पहिल्या बसच्या लोकांना वाटलं मी हजेरी घेतोय, ते ओळखपत्रं काढायला लागले. मग समजल्यावर रांग लागली. हाजी शौकीने रांगेत दोनदा नंबर लावला. त्याची कोंबडी आता माझ्या गच्चीवर राहते आणि अंडी देते, त्याला त्यात हिस्सा हवा आहे. सोभीने दोन्ही मुलींचे फोटो आणले होते. निवांत बघितले, कुठे काही राहत नव्हतं.

बहगत शेवटच्या बसने आला. घरून नुकताच निघालेला, दाढी केलेली, हात स्वच्छ. सवयीने मी त्याचं मनगट धरायला गेलो. त्याने पंजा पुढे केला.

किती वर्षं हा माणूस माझ्या रोजच्यातला आहे. जनाज्याच्या दिवशी माझे हात सुहैरजवळ होते आणि त्याचे खांद्यावरच्या दांड्याला. त्यानंतर रोज सकाळी मी त्याला भेटलो आणि रोज मनगटच दाबलं. त्याचा हात मी आज पहिल्यांदा हातात घेतला. पाना धरून धरून तळव्याला घट्टे पडलेत, पण हात ऊबदार आहे. विचारायचं सगळं विसरून गेलो. नुसता धरून उभा राहिलो.

तेवढ्यात भोंगा वाजला.

"बाशमुहंदिस," तो म्हणाला, "आता हात सोडा. मला सहा नट आवळायचेत."

सोडला.

आजच्या गाड्यांत एकही नट सैल नाही.